रंगीत पडदा आणि काळ्या म्हशी

"लोक म्हणतील, डॉक्टरांनी या वयात दुसरी आणली," आई म्हणाली.

अण्णांनी शर्टाच्या डाव्या खिशावर हात ठेवला, मग उजव्या. दोन्ही खिसे सारखेच फुगले होते. "डावीकडे जुनी, उजवीकडे नवी," ते म्हणाले. "आज दिवसभर दोघींना घेऊन हिंडतो. संध्याकाळी निकाल."

"आणि जेवायला कुणाकडे?" आईनं विचारलं.

"जी वाढेल तिच्याकडे."

हा दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीतला बुधवार. तासगावजवळच्या आमच्या गावात मी आदल्या रात्रीच पुण्याहून आले होते. अण्णांच्या डाव्या खिशात होता तो चार वर्षांपूर्वी माझ्या आतेभावानं अमेरिकेतून पाठवलेला ऑर्गनायझर. तळहाताएवढं यंत्र, करडा पडदा, त्याच्यावर प्लॅस्टिकच्या काडीनं लिहायचं. उजव्या खिशात होता तो मी आणलेला, रंगीत पडद्याचा. दुकानदारानं आठ दिवसांची मुदत दिली होती. पसंत पडला तर ठेवा, नाहीतर परत करा.

अण्णांना तो पसंत पडायला हवा होता, आणि रविवारच्या आत पडायला हवा होता. रविवारी पुण्यात माझ्या प्रबंधाच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं आणि मी शिकवत होते त्या कॉलेजात अण्णा पहिल्यांदाच येणार होते. मी अण्णांना सांगितलं होतं की जुन्या पडद्यावर करड्यावर करडी अक्षरं, तुमच्या डोळ्यांना त्रास होतो, आता बदला. ते म्हणाले होते, "विचार करतो." अण्णांचा विचार म्हणजे तपासणी. जनावराच्या तोंडात हात घालून दात मोजल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला वय सांगितलं नाही.

माझे वडील डॉ. भूपाल मगदूम. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण फेरी चुकली नव्हती. आसपासच्या सात गावांतली तीनशे सतरा जनावरं त्या करड्या यंत्रात होती. यंत्र बनवणाऱ्यांनी त्यात माणसांची नावं-पत्ते लिहायची सोय केली होती. अण्णांनी तिथं म्हशी भरल्या. नावाच्या रकान्यात म्हशीचं नाव, आडनावाच्या रकान्यात मालकाचं. कंपनीच्या जागी गाव, वाढदिवसाच्या जागी विण्याची तारीख. यंत्राला मराठी येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहायचं, आणि ती अक्षरंही यंत्राला समजतील अशी, अर्धीमुर्धी काढायची. ते वळण अण्णांच्या हातात इतकं बसलं की औषधाच्या चिठ्ठ्याही ते तसंच लिहायला लागले. मेडिकलवाल्यानं एकदा चिठ्ठी परत पाठवली होती: "डॉक्टर, मोडी वाचणारा आमच्यात आता कुणी राहिला नाही."

तारीख जवळ आली की यंत्र टिटवीसारखं ओरडायचं. एसटी स्टँडवर ओरडलं तर चहा पिणारी माणसं कप खाली ठेवून विचारायची, "कुणाची, डॉक्टर?"

"कुंभारांची चंद्री. आज-उद्यात."

मग कुणीतरी उठून सायकलवर टांग टाकायचं आणि कुंभारांना सांगायला जायचं.

"नव्याचा आवाज बंद करता येतो," स्कूटरवर मागे बसताना मी त्यांना सांगितलं. "नुसतं खिशात थरथरतं."

अण्णांनी किक मारता मारता मान वळवली. "म्हैस व्यायला झाली आणि हे नुसतं थरथरणार?"

"तुम्हाला कळलं म्हणजे झालं ना?"

"मला कळून काय करू? म्हैस काय माझी आहे?"

पहिली फेरी शेवंताबाई मान्यांच्या गोठ्यावर. शेवंताबाईंनी नवऱ्यामागे तीन म्हशींवर दोन मुलींची लग्नं केली होती, आणि तालुक्यातल्या कुठल्याही पुरुषाला न भिता बोलत. त्यांची सुंदरी गाभण आहे का, हे बघायचं होतं. अण्णांनी डाव्या हाताला खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा चढवला, सुंदरीची शेपटी बाजूला केली आणि कोपराच्या पुढेपर्यंत हात आत घातला. मी गोठ्याबाहेर, लिंबाच्या सावलीत पुस्तक उघडून उभी होते.

तेवढ्यात टिटवी ओरडली.

"अक्का!" अण्णांनी हाक मारली. मला ते लहानपणापासून अक्काच म्हणत. "जरा इकडं ये. डाव्या खिशातलं काढ."

मी पुस्तक मिटून आत गेले. सुंदरीनं माझ्याकडे वळून बघितलं, मीही तिच्याकडे. जुनं यंत्र काढून मी त्यांच्यासमोर धरलं. गोठ्याच्या पत्र्याला मोठं भोक होतं, तिथून ऊन सरळ पडद्यावर पडत होतं. करडी अक्षरं उन्हात कशी कोरल्यासारखी दिसत होती.

"गोदी शिंदे. लसीकरण," अण्णांनी वाचलं. "हां. आता उजव्या खिशातलं काढ. शेजारी धर. हीच वेळ आहे."

"कसली वेळ?"

"तपासणीची."

अशा रीतीनं मी माझ्या वडिलांसमोर दोन हातांत दोन यंत्रं धरून उभी राहिले, आणि ते सुंदरीच्या पोटात हात घालून आळीपाळीनं दोन्ही पडद्यांकडे बघत राहिले. रंगीत पडद्यावर मी पुण्यात गुलाबाच्या फुलाचं चित्र लावून आणलं होतं. उन्हात ते अजिबात दिसेना.

"ह्यात काय दिसतंय?" अण्णांनी विचारलं.

"गुलाब."

"मला माझंच तोंड दिसतंय."

शेवंताबाईंनी कमरेवर हात ठेवून मान पुढे घातली. "बघू. व्हय की. भांग पाडाया बरा हाय."

"शेवंता, तुझं मत काय?" अण्णांनी गंभीरपणे विचारलं. "रंगीत घेऊ का काळा-पांढरा ठेवू?"

"तुमी त्येच्यात म्हशीच लिवता न्हवं?"

"म्हशीच. थोड्या गाई."

"मग म्हस काळी, शेण काळं, दूध पांढरं. रंग घालणार कुठं?"

अण्णा इतके हसले की सुंदरी बिचकली. "हलू नका, हलू नका," ते स्वतःलाच म्हणाले. मग डोळे मिटून थोडं आत चाचपलं. "तीन महिन्यांची. घे, पेढे वाट." हात काढून मोजा उलटा केला, बादलीत हात धुतले, जुन्या यंत्रावर काडीनं 'सुंदरी माने' उघडून वाढदिवस घातला. मग नव्या पानावर एक रेघ ओढली.

"ती कसली?"

"विरोधी मत. एक."

त्यानंतर दिवसभर हेच. प्रत्येक गोठ्यावर आधी जनावर बघायचं, मग दोन्ही यंत्रं मालकासमोर धरायची, आणि मत घ्यायचं. मी मधे मधे प्रचार करत होते. अक्षरं मोठी, म्हणायचे. फोटोसुद्धा दाखवता येतात, म्हणायचे. गायकवाडांचे आजोबा म्हणाले, फोटो कशाला, म्हस हितंच हाय की. सूर्यवंशी मास्तरांनी विचारलं, यात सेल किती बसतात? मी म्हटलं, सेल बसत नाहीत, रोज विजेवर लावायचं.

"जुनी दोन सेलांवर महिना काढते," अण्णा मास्तरांना म्हणाले, "ही रोज चरते."

"आणि वीज आठ-आठ तास नाही."

"तेच. दुष्काळी भागात जर्सी गाय आणल्यासारखं झालं."

"अण्णा, तुम्ही मुद्दाम वाईट सांगताय."

"मी लक्षणं सांगतोय. रोग त्यांनी ओळखायचा."

कुंभारांच्या दारात अण्णा बैलाच्या खुराची जखम धुवायला वाकले. नवं यंत्र खिशातून निसटून गवतावर पडलं, आणि बैलानं ते हुंगून अगदी शांतपणे, वरपासून खालपर्यंत चाटलं. मी किंचाळले. अण्णांनी यंत्र उचललं, रुमालानं पुसलं आणि सुरू करून बघितलं. चालत होतं. "प्रकृती चांगली आहे," ते म्हणाले. ती एकच नोंद दिवसभरात त्याच्या बाजूनं झाली.

परतीच्या वाटेवर मी बोलले नाही. स्कूटरवर वाऱ्यात बोलायचं नसलं तर कुणाला कळतही नाही. अण्णांना कळलं असावं. विहिरीच्या वळणावर त्यांनी विनाकारण हॉर्न वाजवला, मी लहान असताना वाजवत तसा.

आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवायचं. आईनं सोप्यातच ताटं मांडली. अण्णांनी दोन्ही यंत्रं ताटाच्या दोन बाजूंना ठेवली.

"लागला का निकाल?" आईनं भाकरी वाढत विचारलं.

"रंगीत नको, नऊ. रंगीत हवा, एक."

"एक कोण शहाणा?"

"कुंभारांचा बैल. त्यानं चाटून पसंती दिली."

आई हसली. मी नाही हसले. "म्हणजे नाहीच घ्यायचं," मी म्हणाले. "म्हणजे मी पुण्यातली अख्खी बाजारपेठ पालथी घालून आणलं, आणि तुम्ही शेवंताबाईला विचारून नाही म्हणणार."

"शेवंताला म्हशीतलं कळतं."

"हे म्हैस नाही, अण्णा!"

माझा आवाज चढला होता. आईनं भाकरीची दुरडी खाली ठेवली. अण्णांनी पाण्याचा घोट घेतला, आणि गोठ्यात जनावराला बोटांनी चाचपताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला, कान देऊन ऐकल्यासारखा.

"अक्का, एकच विचारतो. तू हे आणलंस कशासाठी?"

"सांगितलं ना. तुमच्या डोळ्यांसाठी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी आमटीत भाकरी कुस्करत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "मग नऊ मतं बाद. घेतला."

"अहो, खरंच?" आई म्हणाली.

"लेकीला बापाच्या डोळ्यांची काळजी वाटते, तिथं म्हशींचं काय ऐकायचं! उद्या सकाळी बसू, अक्का. तू जुन्यातलं एकेक नाव वाच, मी नव्यात लिहितो. तीनशे सतरा आहेत, दुपार होईल." मग ताटातला शेवटचा घास घेऊन ते म्हणाले, "आणि ते आवाज बंद करायचं कुठं असतं, तेही दाखवून ठेव. तुझ्या कार्यक्रमात कुणाची म्हैस मधे यायला नको."

मी मान हलवली. तेव्हा एवढंच केलं.

गुरुवारी सकाळी सातला अण्णा नेहमीसारखे पायरीवर बसून गमबूट चढवत होते. नावं लिहायला बसायच्या आधी एक जवळची फेरी उरकून येतो म्हणाले. एक बूट चढवून झाला होता, दुसरा हातात होता. आईला वाटलं, काही आठवत बसलेत. तिनं दोनदा हाक मारली.

रविवारचा कार्यक्रम पुढे ढकलला. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं, आणि त्या दुपारपासून माणसं यायला लागली. येत, आईसमोर बसत, डोळ्याला पदर नाहीतर टोपी लावत. मग अवघडून, इकडेतिकडे बघून, विचारत, "अक्का, आमच्या कपिलेचं डॉक्टरांनी काय लिवून ठेवलं होतं का?"

पहिल्यांदा मला राग आला. मग मी करडं यंत्र काढलं. ती अर्धीमुर्धी अक्षरं वाचायला मला अर्धा तास लागला. नंतर सवय झाली. सोप्यात चटईवर बसून मी तारखा सांगायला लागले. कपिला सूर्यवंशी, चैत्रात. चंद्री कुंभार, व्याली, वार पडली का बघणे. टिटवी ओरडली की अंगणातून कुणीतरी विचारायचं, "कुणाची, अक्का?" आणि मी सांगायचे. आई आत स्वयंपाकघरात ते ऐकायची. चौथ्या दिवशी तिनं आतूनच मला सुधारलं, "गोदी शिंद्यांची नव्हे, आता चव्हाणांची. दिवाळीत विकली."

पाचव्या दिवशी कॉलेजातून फोन आला की आमच्या विभागप्रमुख रानडेमॅडम भेटायला निघाल्यात. मी उठून अंगणात कोण कोण बसलंय ते बघून आले.

इथं मला एक सांगायला हवं, जे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मॅडमनी मला विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हटलं, डॉक्टर आहेत. कशाचे? माझ्या शेजारी बसलेल्या दोघींचे वडील प्राध्यापक होते, एकीचे न्यायाधीश. मी म्हटलं, बाळंतपणं जास्त असतात त्यांच्याकडे. हे खोटं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, वा, ग्रामीण भागात स्त्रीरोगतज्ज्ञ, म्हणजे सेवाच. मी गप्प बसले. मग अकरा वर्षं गप्प बसणं सोपं होतं, कारण अण्णा पुण्याला कधी यायचेच नाहीत. गुरांना सुट्टी नसते. आणि आता येणार होते. पहिल्या रांगेत बसून, मॅडमच्या भाषणात, त्यांच्या खिशातली टिटवी ओरडणार होती, आणि ते सवयीनं मोठ्यानं वाचणार होते. त्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. उन्हात, गोठ्यात, सुंदरीत हात घालून ते अगदी स्वच्छ वाचायचे.

मॅडम दुपारी आल्या. पांढरी साडी, हातात रुमाल. आईचा हात धरून बसल्या, मला जवळ घेतलं. मग अंगणातली माणसं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "हे सगळे पेशंटचे नातेवाईक?"

"हो," मी म्हणाले.

त्याच वेळी दगडूआबा चव्हाण सोप्यात आले. ऐंशीचे, पटक्यातले. आईला हात जोडले, खांबाला टेकून बसले, आणि मला म्हणाले, "अक्का, आमच्या राजीचं बघ गं जरा. कितवा चाललाय?"

मी यंत्रात बघितलं. "दहावा लागला, आबा. परवाच."

"दहावा?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. "अहो, मग तिला ॲडमिट नको का करायला?"

"कुटं न्हेता बाई," आबा म्हणाले. "दारात बांधलीया की."

मॅडमचा रुमाल तोंडापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"गेल्या बारीला लई जड गेलं तिला," आबा त्यांना सांगू लागले. शहरातली बाई एवढं मन लावून ऐकतेय, याचं त्यांना बरं वाटलं असावं. "आडवं आलं हुतं. रातभर उभी. मग डॉक्टर आलं, हात घालून सरळ केलं, आन् आमी चौघांनी दोर लावून वढलं."

"दोर," मॅडम म्हणाल्या.

"कासरा. डॉक्टर म्हनलं, दमानं वढा, तिच्या कळंबरुबर वढा. घामाघूम झालं हुतं. नंतर तिच्या मानंवर हात ठेवून बसलं, उजाडस्तवर. असा देवमाणूस."

आबांनी डोळे पुसले. मॅडमनीही पुसले. मग त्यांनी माझा हात हातात घेतला.

"त्रिशला, मला कल्पना नव्हती," त्या म्हणाल्या. "अशा परिस्थितीत, या बायकांसाठी... दोर लावून! येत्या शुक्रवारी आपल्याकडे शोकसभा आहे. मी सूचनेत नुसतं 'सुप्रसिद्ध स्त्रीरोगतज्ज्ञ' लिहिलंय. पण हे मी सगळं बोलणार आहे. राजीबद्दल तर नक्की बोलणार आहे. तुझी हरकत नाही ना?"

मला फक्त मान हलवायची होती. मान हलवण्यात मी तरबेज होते. मॅडम भाषण करतील, सभागृह स्तब्ध होईल, दोन मिनिटं उभं राहील, आणि अण्णा कुणी भलतेच म्हणून कायमचे पुण्यात राहतील. चांगले, मोठे, सगळ्यांना आवडतील असे. आबा मान वाकडी करून बघत होते, त्यांच्या राजीचं काय बोलणं चाललंय ते त्यांना समजत नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

मी माझा हात सोडवून घेतला आणि उभी राहिले. बोलले तेव्हा आवाज फारच मोठा निघाला, अंगणातली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

"मॅडम, राजी म्हैस आहे. इथं बसलेल्या सगळ्यांच्या म्हशी आहेत, काहींच्या गाई, कुंभारांचा एक बैल. माझे वडील गुरांचे डॉक्टर होते."